बाबा पहाटे साडेतीनला पहिल्या पाळीला निघतात

रानजाई | सोमवार, रात्री ११.५०

इथे घरी आजारी माणसाचं करणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा ८१ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. त्याआधीची दोन वर्षं "वय झालं आता" म्हणण्यातच गेली. बाबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. १९६२ साली अठराव्या वर्षी बदली कामगार म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. पुढे बावीस वर्षं वॉचमनची नोकरी केली. आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि दीड वर्षापूर्वी त्याच जागी चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. घरात बाबा, आई (७६) आणि मी. भाऊ पनवेलला. मी बँकेत आहे, सकाळी साडेआठला निघते ती रात्री आठला घरी.

गेले बारा दिवस बाबा रोज पहाटे साडेतीनला उठतात, पंचा खांद्यावर टाकतात, बाथरूममधला मग उचलतात आणि बाहेरचं दार उघडायला बघतात. "बाबा, कुठे?" विचारलं की म्हणतात, "पाळी आहे." वरून कडी घातली तर दार बडवतात. परवा आई आडवी गेली, तिला ढकललं. तिचं मनगट सुजलंय. मी रोज सांगते, बाबा, गिरणी बंद झाली, तिथे आता टॉवर आहे. ते ऐकून रडतात. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

आंघोळीला हात लावू देत नाहीत. दिवसा ब्युरोच्या (पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या) मावशी असतात, त्यांना शुक्रवारी चावले. अल्झायमरची गोळी, डोनेपेझिल, चालू आहे. एका डॉक्टरांनी रात्रीसाठी झोपेची गोळी सुचवली आहे. काका म्हणतात, आता संस्थेत ठेवा, तुमच्याने होणार नाही.

मला एवढंच विचारायचंय. औषधं आहेतच, पण या माणसाची घरात नीट शुश्रूषा म्हणजे नेमकं काय करायचं? कोणी केलीय का?

मुलुंडकर | मंगळवार, सकाळी ६.१५

केलीय. आईची, सहा वर्षं. रात्री सविस्तर लिहितो, आता लोकलची वेळ झाली. आईंच्या मनगटाचा एक्स-रे काढा आधी.

निवृत्त सिस्टर | मंगळवार, सकाळी १०.०५

रानजाई, मी ३४ वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात होते. शेवटची नऊ वर्षं मेल मेडिकल वॉर्डची इन्चार्ज. आता ओळखीपाळखीत घरी जाऊन पेशंट बघते. तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं.

पाळीला जाणारा माणूस जेवणाचा डबा घेऊन निघतो. मग आणि पंचा घेऊन पहाटे चाळीतला माणूस कुठे जायचा?

संडासला. गॅलरीच्या टोकाला. सहानंतर रांग लागते म्हणून अंधारातच. बाबांचं आयुष्य त्या गॅलरीत गेलं. रात्री पोटात कळ आली, लघवीला लागली की पाय दाराकडेच जाणार. बेडरूमच्या आत संडास असतो ही दीड वर्षापूर्वीची माहिती आहे आणि नवी माहिती या आजारात टिकत नाही. "पाळी आहे" हे तू विचारल्यावर त्यांना सुचलेलं उत्तर आहे. पहाटे उठून निघायचं एवढं कळतंय, कशासाठी ते सांगता येत नाही. मग आयुष्यभर जे म्हटलं तेच तोंडात येतं.

उद्या पहाटे अडवू नकोस. शेजारी उभी राहा, हात धर आणि "चला, मीही येते" म्हणत संडासाकडे ने. काय होतं ते इथे लिही.

दुसरं, बारा दिवस हा आकडा मला खटकतोय. अल्झायमर महिन्यामहिन्याने वाढत जातो. चार-आठ दिवसांत माणूस एकदम बिघडला तर शरीरात दुसरं काहीतरी झालंय असं आम्ही धरतो. लघवीत जंतू, मलावरोध, पाणी कमी, सोडियम उतरलेलं, कुठेतरी दुखतंय, नवं औषध. बाबा झोपलेले असताना बेंबीखाली हलक्या हाताने दाबून बघ. फुगा भरल्यासारखं टणक लागतं का? शौचाला शेवटचे कधी झाले? मावशींना विचार, "रोज होतं" असं उत्तर घेऊ नकोस, तारीख घे. बारा दिवसांपूर्वी काय नवीन सुरू झालं?

त्यांना दुखतंय का, हे त्यांना विचारून कळणार नाही. कूस बदलताना चेहरा बघ. कपाळ आक्रसतं का, मुठी वळतात का, श्वास आवाज करतो का, पाठीवरून हात फिरवला तर शांत होतात का.

आणि आई रात्री किती तास झोपतात?

आरोग्यसंपदा | मंगळवार, दुपारी १.३०

रोज दोन चमचे खोबरेल तेल आणि ब्राह्मी सुरू करा. माझ्या मावसभावाच्या सासऱ्यांना तीन महिन्यांत सगळं आठवायला लागलं.

काजवा | मंगळवार, दुपारी ३.२०

मी अंधेरीत जनरल प्रॅक्टिस करते. आरोग्यसंपदा, तुमचा हेतू चांगला आहे, पण अल्झायमर उलटवणारं काहीही आज उपलब्ध नाही, आणि घरच्यांना तशी आशा लावली की पुढचे सहा महिने खरी सेवा मागे पडते. बी-१२ किंवा थायरॉइड कमी असेल तर ते भरून काढल्यावर माणूस सुधारतो. म्हणून निदानाच्या वेळी त्या तपासण्या करतात.

रानजाई, सिस्टरांनी विचारलंय तेच मीही विचारते. गेल्या पंधरवड्यात बाबांना सर्दी-खोकला झाला होता का? सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. आपण ती साधी समजून केमिस्टकडून आणतो. डोनेपेझिल मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन टिकवायला देतात आणि ही गोळी त्याच रसायनाचं काम अडवते. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. शिवाय प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडते, शौच कडक होतं, गोंधळ वाढतो. झोपेच्या काही गोळ्याही गोंधळ आणि पडण्याचा धोका वाढवतात, त्यामुळे कारण शोधल्याशिवाय ती सुरू करू नका.

कोणी "शांत करण्याचं" औषध सुचवलं तर हेही माहीत असू द्या: डिमेन्शिया (अल्झायमरसारखे स्मृती आणि समज जाणारे आजार) असलेल्या वृद्धांत या प्रकारच्या औषधांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. कधीकधी ती द्यावी लागतात, मीही देते. पण कमीत कमी, थोड्या दिवसांसाठी, आणि बाकी सगळं करून झाल्यावर.

रानजाई | बुधवार, पहाटे ४.४०

ऑफिसला जायच्या आधी लिहितेय. हात थरथरतायत.

साडेतीनला उठले. पंचा, मग, सगळं तसंच. मी दाराशी गेले नाही. हात धरला, म्हटलं, "चला बाबा, मीपण येते." आले. संडासाच्या दारात थबकले, आत बघत उभे राहिले, मग मागे सरकले. मी दिवा लावला, परत "चला" म्हटलं. बसायला वेळ लागला. दहा मिनिटं थेंब थेंब होत होती, चेहरा पिळवटलेला. काल रात्री पोट दाबून बघितलं होतं, टणक होतं. शौच मागच्या बुधवारी झालं होतं. मावशींनी मोजून सांगितलं.

आणि हो, सर्दीची गोळी. भाऊ आला होता, त्याने आणून दिली. दिवसाला दोन, आजपर्यंत चालू होती.

बारा दिवस माझ्या बाबांना लघवी अडल्याचं दुखत होतं आणि मी त्यांना गिरणी बंद झाल्याचं सांगत होते.

निवृत्त सिस्टर | बुधवार, सकाळी ७.००

गोळी बंद. आजच डॉक्टरांकडे ने, उद्यावर टाकू नकोस. अडलेली लघवी किडनीपर्यंत जाते. कॅथेटर (लघवी काढायची नळी) घातला तर नळी डोळ्यांआड, पायजम्याच्या आतून पायाला चिकटवून घ्यायला सांग, नाहीतर ते ओढून काढतील. काढायचा कधी हे तिथेच विचारून ये.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. वॉर्डात आमच्याही हे नजरेतून सुटायचं.

मुलुंडकर | बुधवार, रात्री १०.३०

काल लिहितो म्हणालो होतो. ब्युरोबद्दल लिहितो, कारण बाकीचं सिस्टर उत्तम सांगतायत.

आम्ही ज्या ब्युरोकडून बाई घेतली त्यांनी "ट्रेंड नर्स" म्हणून सांगितलं आणि एकोणीस वर्षांची मुलगी पाठवली. तिला आईला बसतं कसं करायचं तेसुद्धा माहीत नव्हतं. बगलेत हात घालून ओढायची. तीन महिन्यांत सात जणी बदलल्या. दर वेळी नवा चेहरा, आणि तो चेहरा पहिल्याच दिवशी आईची साडी सोडायला जाणार. आईने ओरडू नये तर काय करावं?

मग बायकोने एक वही केली. पहिल्या पानावर रोग, औषधं काही नाही. 'आईंना काकू म्हणायचं, आजी म्हटलेलं चालत नाही. चहा बशीतून. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बसून बोलायचं. कुंकू लावल्याशिवाय आरशासमोरून हलत नाहीत, घाई करू नये. घाबरल्या की रत्नागिरीचं आंब्याचं कलम विचारायचं.' पुढच्या पानांवर रोजची नोंद: किती पाणी, शौच, किती झोप, कधी चिडल्या आणि त्याआधी काय झालं होतं. महिनाभराने वही चाळली तेव्हा दिसलं, की आई चिडायची ते जवळजवळ नेहमी संध्याकाळी साडेपाच ते सात, आणि त्या वेळात बायांची पाळी बदलायची, कुकरच्या शिट्ट्या, मुलांचा टीव्ही, आणि घर अंधारलेलं. आम्ही पाचलाच सगळे दिवे लावायला लागलो, पडदे ओढले, पाळीची वेळ चारवर आणली. निम्मं कमी झालं.

शेवटी ज्या मावशी मिळाल्या त्या कळव्याहून यायच्या, साडेचार वर्षं टिकल्या. त्यांना आम्ही आठवड्याची सुट्टी कधी चुकवली नाही. जेवण आमच्याबरोबर. आईने मारलं तर त्यांचीच चूक असं कधी म्हटलं नाही. शेजारच्या फिजिओथेरपिस्टकडून त्यांना उचलायचं कसं ते शिकवून घेतलं. मावशींची कंबर गेली असती तर आईचा आधारच गेला असता. रानजाई, तुमच्या मावशींना चावल्याचं तुम्ही लिहिलंत. त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का? कोणी सॉरी म्हटलं का?

गिरणगावकर | गुरुवार, सकाळी ९.१०

एक वेगळा मुद्दा. माझेही वडील गिरणीत होते, त्यांनाही हाच आजार होता. पुष्कळ जण सांगतात, पेशंटच्या सुरात सूर मिसळा, गिरणी चालू आहे म्हणा. मला ते जमलं नाही. अडीच लाख माणसं त्या संपात देशोधडीला लागली. ज्यांनी तो भोगला त्यांच्या तोंडावर "हो हो, भोंगा झाला, निघा" म्हणायचं? बाप आजारी आहे म्हणून त्याच्याशी खोटं बोलायचा हक्क मला कोणी दिला?

निवृत्त सिस्टर | गुरुवार, दुपारी २.४५

गिरणगावकर, तुमचा मान राखून लिहिते. खोटं बोलावं असं मीही म्हणत नाही. पण रोज पहाटे "गिरणी बंद झाली" सांगितलं की त्यांच्यासाठी ती रोज पहाटे नव्याने बंद होते. आपल्यासाठी तो इतिहास, त्यांच्यासाठी आत्ताची बातमी. मी विचारते. "कुठलं खातं? किती साचे? जॉबर (खात्यातला मुकादम) कसा आहे?" यात खोटं एक अक्षर नाही. माणूस बोलायला लागतो आणि ज्याच्यासाठी उठला होता ती धडधड उतरते.

गिरणगावकर | गुरुवार, रात्री ८.००

विचारायचं हे पटलं. "चालू आहे" मी तरीही म्हणणार नाही. वडील गेले तेव्हा मी त्यांना एकही खोटी गोष्ट सांगितलेली नव्हती, ते मला हवं होतं.

काव्या_ओटी | शुक्रवार, सकाळी ११.३०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांत पेशंटला जमेल तसं करून देणारी. बाबा संडासाच्या दारात थबकले आणि मागे सरकले, यावर लिहिते, कारण तिथे बरंच करता येतं.

नव्या टॉवरमधलं बाथरूम म्हणजे पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरी लादी. या आजारात डोळे चांगले असले तरी मेंदूला खोली आणि कडा नीट ओळखता येत नाहीत. पांढऱ्यावर पांढरा कमोड त्यांना दिसतच नसेल. गडद निळी किंवा लाल सीट बसवा. समोर आरसा असेल तर झाकून टाका, रात्री त्यात कोणी तरी परका माणूस उभा दिसतो. गडद पायपुसणं उचला, ते खड्डा वाटतं आणि माणूस त्यावर पाऊल टाकत नाही. दार रात्रभर उघडं, आतला दिवा चालू, पलंगावर पडल्या पडल्या सीट दिसेल असं. त्यांचा मग आणि पंचा तिथेच आत खुंटीवर दिसू द्या, दुसरीकडे कुठेही नको. ज्या वस्तू घेऊन ते निघतात त्या वस्तूच त्यांना जागा दाखवतील.

जन्मभर उकिडवं बसलेल्या माणसाला कमोड परका. पायाखाली ठेंगणा, न घसरणारा पाट द्या. पोट साफ व्हायलाही त्याने मदत होते. उठताना मात्र पाट आधी बाजूला. भिंतीला दांडी हवीच.

चौदावा मजला आहे म्हणून विचारते, खिडक्यांना ग्रिल आहे ना? सदऱ्याच्या खिशात नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी रोज असू द्या, वॉचमनकडे फोटो ठेवा. कधी निसटलेच तर आपण शोधू म्हणत तास घालवू नका, लगेच ११२. साध्या चौकशीसाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आणि त्यांच्या हातांना काम द्या. रंगीत ठोकळे, लहान मुलांची कोडी नको. त्यांनी जे हातांनी केलंय ते.

रानजाई | रविवार, रात्री ९.१५

कॅथेटर सात दिवस ठेवायचा आहे, प्रोस्टेटचं औषध सुरू झालं. लघवीत जंतूही निघाले. एनिमा दिल्यावर पोट मोकळं झालं. बाबा परवापासून रात्री दोन वाजेपर्यंत सलग झोपतायत.

मुलुंडकर, मावशींना इंजेक्शन त्याच दिवशी दिलं होतं. माफी मात्र आम्ही कोणीच मागितली नव्हती. काल मागितली. त्या म्हणाल्या, "ते चावले नाय ताई, ते घाबरले."

आंघोळीचं कोणी सांगेल का? दहा दिवस नुसतं पुसून काढतोय.

निवृत्त सिस्टर | सोमवार, सकाळी १०.२०

तुझ्या मावशी हिरा आहेत. जप त्यांना.

आंघोळीचं सांगते. पहिल्या पाळीचा माणूस आंघोळ कधी करायचा? साडेतीनला सुटून, अंगावरचा कापूस काढायला, दुपारी. सकाळी आठला तुम्ही त्यांच्या मागे लागता, कारण तुझी ऑफिसची वेळ. दुपारी चारला बघा. शॉवर बंद. डोक्यावरून अचानक पाणी आलं की ते मारल्यासारखं वाटतं. बादली, तांब्या, बसायला रबरी बुडाचं स्टूल. पाणी आधी तयार ठेवायचं, त्यांना आत आणून मग नळ सोडायचा नाही, त्या आवाजाने बिथरतात.

पंचा कमरेला तसाच राहू दे. बाई माणसासमोर उघडं व्हायची लाज या आजारात सगळ्यात शेवटी जाते, कितीतरी जणांची जातच नाही. पंचा ओला झाला तर होऊ दे. आधी त्यांच्या हातात तांब्या द्या, पायावर पाणी त्यांनाच घेऊ द्या. पाय, मग हात, पाठ, डोकं सगळ्यात शेवटी, नाहीतर त्या दिवशी नाहीच. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगायची, एका वेळी एकच: "आता पाठ चोळते हं." दोघींनी एकदम बोलायचं नाही. आंघोळ झाली की टाचा, माकडहाड, कमरेच्या बाजू लालसर आहेत का बघायचं. बोटाने दाबून लाली जात नसेल तर बेडसोरची सुरुवात आहे असं धर आणि कळव.

नाहीच म्हणाले तर सोडून द्या. रोज आंघोळ आपल्याला हवी असते, आठवड्यातून दोनदाही पुरते. लढाई करून घातलेली आंघोळ पुढच्या चार दिवसांचा विश्वास घेऊन जाते.

आई किती तास झोपतात ते तू सांगितलं नाहीस.

अबोली_पार्ले | सोमवार, रात्री ११.००

मी हा धागा पहिल्यापासून वाचतेय. रानजाई, तुझे बाबा अजून चालतात, बोलतात, म्हणून हे आत्ता लिहावं का याचा विचार केला. पण आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

माझ्या आईचं शेवटी गिळणं बंद झालं. एका रुग्णालयात आम्हाला पाच मिनिटांत ठरवायला सांगितलं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात अन्न सोडायची नळी) घालायची की उपाशी ठेवायचं. असा प्रश्न विचारल्यावर कोण नाही म्हणेल? नाकात नळी घातली. आई ती ओढायची, म्हणून तिचे दोन्ही हात गॉजपट्टीने कॉटला बांधले. माझ्या आईचे हात. ते पांढरे व्रण शेवटपर्यंत मनगटावर होते. तरीही तिला न्युमोनिया झालाच.

घरी आणल्यावर एका नर्सने सांगितलं, अजून थोडं गिळतायत, चमच्याने बघू या. मऊ भाताची पेज, ताकातली नाचणीची आंबील, दाटसर. पाणी पातळ असल्याने उलट जास्त ठसका लागायचा. पूर्ण ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याचं गळ्यावर दिसल्यावरच पुढचा. गालात घास धरून ठेवायची, ते बोटाने काढायचं. नंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं. एका वाटीला पाऊण तास लागायचा. कधी चारच चमचे जायचे. आई पाच महिने होती. हात मोकळे होते.

काजवा | मंगळवार, सकाळी ८.०५

अबोली, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्युमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, आणि अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचीही शिफारस हाताने, सावकाश भरवण्याचीच आहे. हा निर्णय घरातल्यांनी एकत्र बसून आधीच बोलून ठेवावा. आयसीयूच्या दारात तो घेता येत नाही.

ज्या काकांनी "संस्थेत ठेवा" म्हटलं त्यांच्याबद्दलही एक. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. एवढ्यांना पुरतील इतक्या संस्था आपल्याकडे नाहीत. तेव्हा घर हेच बहुतेकांचं रुग्णालय आहे. पण संस्थेत ठेवणाऱ्यांना कोणी नावं ठेवू नयेत. घरात दुसरं माणूसच नसेल तर तीही सेवाच आहे.

कुलाबा_वारा | मंगळवार, दुपारी १२.४०

वकील आहे, थोडक्यात. बाबांनी पूर्वी मुखत्यारपत्र करून दिलं असेल तर त्यावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं. पुढे बँक, घर यांसाठी पालक म्हणून नेमणूक हवी असल्यास मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करावी लागते. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, माणसाला कळत असेल, तेव्हाच मृत्युपत्र, जॉइंट खातं, नॉमिनी आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालचा उपचारांसाठीचा नामनिर्देशित प्रतिनिधी हे करून घ्या. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितोय, रानजाईंच्या बाबतीत थोडा उशीर झालाय.

रानजाई | साधारण दीड महिन्याने, रविवार, दुपारी ४.५०

धागा वर काढतेय.

कॅथेटर निघाला, लघवी नीट होते. निळी सीट बसवली, आरशावर चादर टाकली, मग-पंचा आत टांगला. साडेतीनला अजूनही उठतात. उठतात, उजेडाकडे बघतात, आत जातात, येऊन झोपतात. आठवड्यातून एखाद्या दिवशी दाराकडे वळतात, मग मी किंवा आई "चला" म्हणतो. बाहेरची कडी आहे, पण ती आता कोणी बडवत नाही.

आंघोळ दुपारी चारला, मावशींच्या हातून, पंच्यावर. सोमवार-गुरुवार. पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून पाय पुढे केले तेव्हा मावशींनी मला ऑफिसात फोन केला.

काव्या, हातांच्या कामाचं तुम्ही म्हणालात म्हणून मी काळबादेवीहून सुती धाग्याचा कोन आणला. बाबांपुढे ठेवला, काही बोलले नाहीत. मी एक धागा तोडून दोन टोकं त्यांच्या हातात दिली. त्यांचा अंगठा एका टोकावर आडवा पडला, दुसरं टोक त्याच्यावरून गेलं, तर्जनीने वळसा घेतला आणि गाठ बसली. डोळे मिटायच्या आत. राहिलेली टोकं दातांनी तोडली. मग धागा दोन्ही हातांत ताणून खिडकीकडे धरला, गाठीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "लागता कामा नये. कापडात लपली पाहिजे." मला त्यांनी गेल्या दोन महिन्यांत नावाने हाक मारलेली नाही, पण त्या दुपारी मला शेजारी बसवून चार वेळा गाठ शिकवली. मला अजून जमलेली नाही. रोज जेवणानंतर तासभर गाठी मारतात. संध्याकाळी मावशी त्यांना खाली नेतात, आमचा वॉचमन स्वतःशेजारी खुर्ची टाकतो, येणाऱ्याजाणाऱ्यांवर दोघं लक्ष ठेवतात.

आता गणपती येतायत. आमच्याकडे लालबागला दहा दिवस रात्रभर स्पीकर, गर्दी, ढोल. काय करू?

निवृत्त सिस्टर | रविवार, संध्याकाळी ७.३०

वाचून डोळे भरून आले. गाठ शीक, सोडू नकोस.

गणपतीत पनवेलला भावाकडे न्यायचा विचार करत असशील तर नको. नव्या घरात त्यांना संडास पुन्हा सापडणार नाही. रस्त्याकडच्या खोलीतून त्यांचा पलंग आतल्या खोलीत आजच हलव, गणपतीच्या दिवशी नको. संध्याकाळी सातच्या आत जेवण. मंडपात रांगेत नेऊ नका, सकाळी सहाला खालून पाच मिनिटं दाखवून आणा. घरचा गणपती असेल तर आरतीला जवळची चार माणसंच. आलेल्या पाहुण्यांनी "मी कोण, ओळखलंत का?" असं विचारायचं नाही, हे दारातच सांग. आपलं नाव आपणच सांगून बसायचं. मावशींच्या सुट्टीचे दोन दिवस भावाला यायला सांग, सर्दीची गोळी न घेता.

आणि तिसऱ्यांदा विचारते. आई किती तास झोपतात? त्यांचं बीपी शेवटचं कधी बघितलं?

रानजाई | बुधवार, रात्री १०.१०

सिस्टर, तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी आईला विचारलंच नव्हतं. काल नेलं. बीपी १६८/९६. मनगटाला बारीक फ्रॅक्चर होतं, ते तसंच जुळलंय. ती म्हणाली, "दुखत होतं, पण तुझ्या डोक्याला आणखी ताप कशाला." रात्री तीन-साडेतीन तास झोपायची, दोन वर्षं.

गोळी सुरू झाली. तिचा पलंग मी माझ्या खोलीत घेतला, रात्री बाबांजवळ मी झोपते, शनिवार-रविवार भाऊ. मंगळवारचं तिचं भजनी मंडळ बाबांच्या आजारपणात सुटलं होतं. काल मावशींनी तिची पेटीवरची वही शोधून पिशवीत घातली आणि तिला लिफ्टपर्यंत सोडून आल्या.